पंढरपूरची 'हलती' विठ्ठल-रखुमाई फ्रेम: रिव्ह्यू, आणि खोक्यावरच्या 'लेंटिक्युलर' शब्दाची गंमत

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. फ्रेम घेण्यासारखी आहे. दीडशे रुपयांत घरातल्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे खूष, अशी दुसरी वस्तू मला तरी देवळाबाहेरच्या दुकानांत दिसली नाही. पण त्यात प्रकार असतात आणि भलता प्रकार घरी आणलात तर डोकं दुखतं, म्हणजे खरोखरच दुखतं, म्हणून घ्यायच्या आधी वाचा.

वस्तू कोणती ते बहुतेकांना कळलंच असेल. आपल्या लहानपणी कंपासपेटीवर किंवा फूटपट्टीवर ते डोळा मारणारं चित्र असायचं ना, तिरकं केलं की डोळा मिटायचा आणि सरळ केलं की उघडायचा, तीच जात. फक्त ही वहीच्या पानापेक्षा थोडी मोठी, सोनेरी प्लास्टिकची चौकट, मागे पुठ्ठा, वर अडकवायला कडी. हातात धरून पुढेमागे कलवली की विठोबाची रखुमाई होते. पंढरपुरात देवळात दोघं वेगवेगळे उभे आहेत, रखुमाईचं देऊळ मागच्या बाजूला, त्यामुळे एकाच चौकटीत दोघं पण एका वेळी एकच दिसणार ही आयडिया ज्याच्या डोक्यातून आली त्याला माझा दंडवत, मुद्दाम केली का आपोआप झाली देव जाणे.

खोक्यावर लाल अक्षरात 'थ्रीडी लेंटीकुलर फोटो' असं लिहिलंय. एकतर ही थ्रीडी नाहीये, त्याच्यावर पुढे येते, पण तो दुसरा शब्द मला सोडेना. दुकानदाराला विचारलं, काका लेंटिक्युलर म्हणजे काय हो, तर ते म्हणाले, "कंपनीचं नाव असंल ताई, तुम्ही फोटो बघा की." त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, गिऱ्हाईक बाहेर तिष्ठत असताना कोण शब्दाचा अर्थ सांगत बसेल.

तर लेंटिक्युलर हे इंग्रजीतलं आकार सांगणारं विशेषण आहे आणि त्याचा अर्थ सरळ सरळ 'मसुराच्या आकाराचं'. हो, आपला मसूर. लॅटिनमध्ये मसुराला म्हणायचे लेन्स. त्याचं लाडकं छोटं रूप लेंटिक्युला, म्हणजे चिमुकला मसूर, आणि त्यावरून लेंटिक्युलारिस, म्हणजे मसुरासारखं. लेंटिक्युला फ्रेंचमधून लेंटिल होऊन इंग्रजीत आलं ते धान्य म्हणून, आणि विशेषण आलं ते आकार म्हणून. मजा अशी की इंग्रजीत हे विशेषण पंधराव्या शतकापासून आहे आणि काचेच्या भिंगाला 'लेन्स' म्हणायला लागले ते सतराव्या शतकाच्या शेवटी. म्हणजे चष्म्याची लेन्स नंतरची, मसूर आधीचा. भिंग घासणाऱ्या लोकांनी बघितलं, दोन्ही बाजूंनी फुगीर, कडेला पातळ, मधे जाड, अरे हा तर मसूर, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आज मोबाईलच्या जाहिरातीत अमुक लेन्सचा कॅमेरा म्हणून ओरडतात तेव्हा ते अमुक मसूर म्हणून ओरडत असतात.

हे फक्त इंग्रजीचं खूळ नाही बरं का. जर्मनमध्ये लिन्झं म्हणजे मसूरही आणि भिंगही. फ्रेंचमध्ये लांतीय म्हटलं की ताटातला मसूर का डोळ्यातली कॉन्टॅक्ट लेन्स ते संदर्भावरून ओळखायचं. अरबीत अदस म्हणजे मसूर आणि अदसा म्हणजे भिंग, आणि उर्दूतही भिंगाला अदसाच म्हणतात. आणि वनस्पतीशास्त्रवाल्यांनी तर मसुराचं नावच लेन्स क्युलिनॅरिस ठेवलंय, स्वयंपाकातली लेन्स, म्हणजे शब्द फिरून परत डाळीच्या डब्यात. जाता जाता, प्राचीन रोममध्ये लेंटुलस नावाचं एक बडं घराणं होतं आणि तिथला लेखक प्लिनी लिहून गेलाय की ते नाव मसुरावरून पडलं, फेबियस वालासारख्या एका शेंगेवरून आणि सिसेरो हरभऱ्यावरून, ज्याच्या पूर्वजांना जे पीक चांगलं यायचं त्यावरून. आपल्याकडे गहूकर आणि हरभरे आडनावावर हसणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

ग्रीकमध्ये मसुराला फाकोस. आता हा शब्द तुम्ही ऐकलाय, आणि तुमच्या आजीनं तर नक्कीच ऐकलाय. मोतीबिंदूचं 'फेको' ऑपरेशन! तो फेको म्हणजे हाच फाकोस. डोळ्यातली नैसर्गिक लेन्ससुद्धा दोन्हीकडून फुगीर, मसुरासारखीच, ती ढगाळली की मोतीबिंदू. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन नावाच्या डॉक्टरनं १९६७ साली अल्ट्रासाउंडनं तिचा आतल्या आत भुगा करून बारीक चिरेतून ओढून काढायची पद्धत आणली, आणि ती सुचली कशावरून तर दाताच्या डॉक्टरकडे दात साफ करायचं ते कंप पावणारं हत्यार बघून. माझ्या आजीचे दोन्ही डोळे फेकोनं झालेत. तिला सांगितलं, आजी फेको म्हणजे मसूर, तर ती म्हणाली, "मग त्या डॉक्टरनं माझा मसूर काढून प्लास्टिकचा घातला म्हण की." बरोब्बर बोलली. बसवतात ती कृत्रिम लेन्स प्लास्टिकचीच, १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिल्यांदा बसवली ती ॲक्रिलिकची होती. आणि या असल्या फोटोवरची भिंगांची पट्टीही प्लास्टिकचीच असते. आजी त्या फ्रेमकडे बघते तेव्हा प्लास्टिकच्या मसुरातून प्लास्टिकच्या मसुराकडे बघत असते, आता एवढं मी तिला सांगितलं नाही, नाहीतर फ्रेम देवघरातून बाहेर जायची.

बरं, पण फोटोत मसूर कुठाय? हाच प्रश्न मलाही पडला कारण फ्रेमवर हात फिरवला तर गोल गोल काहीच लागत नाही, बारीक बारीक आडव्या रेषा लागतात, पन्हाळी पत्रा एकदम चिमुकला केला तर जसा लागेल तसा. नख रेषांच्या आडवं ओढलं की खर्रर आवाज येतो, रेषांच्या बाजूनं ओढलं की गुपचूप जातं. (दुकानात करून बघितलं तर काका: "नका ना ओ ताई नख लावू, चरे पडत्यात." एका नखानं चरे पडत नाहीत, पण दहा जणांनी करून बघितलं तर पडतील, मान्य.)

म्हणजे पट्टीवर मसूर नाहीत, लांबच लांब अर्धे दंडगोल आहेत शेजारी शेजारी. एका बाजूनं फुगीर, पाठ सपाट. पट्टी रेषांच्या आडवी कापून तिचा काठ भिंगातून बघितला तर मात्र ओळखीचं दिसतं, अख्खा मसूर नाही, डाळ! मसूर फोडून डाळ केली की एक बाजू सपाट आणि एक फुगीर राहते की नाही, अगदी तशी डाळींची रांग. अख्खा मसूर म्हणजे शाळेतलं द्विबहिर्गोल भिंग, आणि डाळ म्हणजे एका बाजूनं सपाट, एका बाजूनं बहिर्गोल. मी हे बघायला स्वयंपाकघरातला डबा उघडून दाणे ट्यूबलाइटखाली धरून बसले होते, ज्याला खोटं वाटतं त्यानं करून बघा, इस्लामपूरकडचा अख्खा मसूर खाताना तरी एखादा दाणा कडेनं निरखून बघा.

आता नाव असं का राहिलं त्याची एक छान गोष्ट आहे. अमेरिकेत फ्रेडरिक आइव्हज यांनी १९०३ च्या सुमाराला बारीक चिरांचा पडदा फोटोपुढे लावून दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवायची युक्ती काढली. त्यात चिरांमुळे उजेड अडायचा, चित्र काळपट. मग १९०८ मध्ये पॅरिसला गाब्रिएल लिपमन यांनी कल्पना मांडली की चिरा कशाला, चिमुकली गोल भिंगंच भिंगं पसरा, माशीच्या डोळ्यासारखी, प्रत्येक भिंगामागे स्वतःचं छोटं चित्र. त्याच साली त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं, पण ते या कामासाठी नव्हे, रंगीत फोटोग्राफीसाठी. लिपमन यांच्या डोक्यातली भिंगं खरोखर मसुराच्या जातीची होती, गोल. पण तशी हजारो भिंगं बनवायची आणि प्रत्येकामागे चित्र बसवायचं म्हणजे त्या काळात जीव जायची पाळी, म्हणून पुढच्या लोकांनी सोपं केलं, गोल भिंगांऐवजी लांब दंडगोल. माणसाचे डोळे शेजारी शेजारी असतात, एकाखाली एक नसतात, त्यामुळे एकाच दिशेला वाकवणारं भिंग असलं तरी काम भागतं. भिंगाचा आकार बदलला, विशेषण तसंच राहिलं. अमेरिकेत व्हिक्टर अँडरसन यांच्या व्हॅरी-व्ह्यू कंपनीनं पन्नासच्या दशकात असली चित्रं ढिगानं छापली, आयझेनहॉवर यांच्या १९५२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत छातीवर लावायचे बिल्ले निघाले, हलवलं की घोषणेचा चेहरा व्हायचा. आणि आपल्या शेजारच्या भूताननं १९६७ मध्ये चक्क टपालाची तिकिटं काढली असली, अंतराळवीरांची. आता भूतानच्या डोंगरात बसून पोस्टमननं त्याच्यावर शिक्का कसा मारला असेल हा माझा खरा प्रश्न आहे, त्या खरबरीत प्लास्टिकवर शाई टिकली तर शपथ.

गोल भिंगं मात्र परत आलीच. २०१३ मध्ये निघालेल्या शंभर डॉलरच्या नोटेत निळी पट्टी विणलेली असते, नोट हलवली की त्यातल्या घंटांचे १०० आकडे होतात, ती लाखो अतिसूक्ष्म भिंगांची करामत आहे. अमेरिकेतल्या कुणा नातेवाईकाकडे असली तर मागून घेऊन बघा, परत द्या.

विशेषण आणखी कुठे कुठे बसलंय ते थोडक्यात. डोंगरामागे तबकडीसारखे थर लावून जागच्या जागी उभे राहणारे ढग, ज्यांना बघून लोक उडत्या तबकड्या म्हणतात, ते लेंटिक्युलर ढग. मधे फुगीर, कडेला पातळ आणि सर्पिल हात नसलेल्या आकाशगंगा त्या लेंटिक्युलर गॅलेक्सी. आणि झाडाच्या सालीवर श्वास घ्यायचे जे फुगीर ठिपके असतात ते लेंटिसेल, म्हणजे परत चिमुकला मसूरच. या सगळ्यांत आकार खरा मसुराचा आहे. फक्त आपल्या फोटोतच तो उसना आहे.

आता कामाचं. ही फ्रेम चालते कशी ते कळलं की चांगली-वाईट आपोआप ओळखता येते. विठोबाचं चित्र आणि रखुमाईचं चित्र दोन्ही कॉम्प्युटरवर बारीक आडव्या पट्ट्यांत कापतात आणि एक पट्टी विठोबाची, एक रखुमाईची अशी आळीपाळीनं लावतात. हे मिसळलेलं चित्र भिंगांच्या प्लास्टिकच्या सपाट पाठीवर येतं, आणि प्रत्येक दंडगोलाखाली दोघांची एकेक पट्टी बसते. प्लास्टिकची जाडी अशी ठेवतात की भिंगाचा फोकस बरोब्बर पाठीवर पडतो. मग वरून बघितलं तर भिंग फक्त विठोबाची पट्टी मोठी करून दाखवतं, खालून बघितलं तर फक्त रखुमाईची. अजून कलवली तर परत विठोबा येतो, कारण आता नजर शेजारच्या भिंगाच्या पट्टीवर गेलेली असते. पोरांना वाटतं देव परत आले, मी सांगत नाही.

याचा पुरावा घरच्या घरी बघायचा असेल तर फ्रेमवर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंबाखालचा भाग लगेच गोंधळतो, अर्धा विठोबा अर्धी रखुमाई, नुसत्या रेघा. पाण्यानं दऱ्या भरल्या की प्लास्टिक आणि बाहेरचं यातला फरक कमी होतो, प्रकाश पुरेसा वाकत नाही, भिंग संपलं. पाणी पुसलं की पुन्हा ठीक. तेलानं याहून जास्त होतं, आणि इथेच आपल्या घरांचा प्रॉब्लेम आहे, कारण देवघर म्हटलं की तेलाचा हात, तूप, उदबत्तीची काजळी, हळदकुंकू. दऱ्यांमध्ये हे बसलं की त्या जागी देव हलायचे थांबतात. कुंकू लावायचं असेल तर चौकटीला लावा, फोटोला नको. पुसायची पद्धत: साध्या साबणाच्या पाण्यात मऊ कापड पिळून, रेषांच्या दिशेनं, रेषांच्या आडवं घासायचं नाही. काच पुसायचे ते निळे स्प्रे मारू नका, ॲक्रिलिकसारख्या प्लास्टिकवर त्यानं धुरकट डाग पडू शकतात.

आता माझ्या फ्रेमचं. विठोबावरून रखुमाईवर जातानाचा क्षण फारच झकास आलाय आणि त्याचं कारण चित्रकाराचं कमी आणि देवांचं जास्त आहे, दोघांचे हात कमरेवर! कोपर जिथल्या तिथे, उभं राहणं तेच, पाठीमागची प्रभावळ तीच, त्यामुळे बदलतो तो फक्त चेहरा, साज आणि मुकुट. मुकुटाची मात्र पंचाईत आहे, विठोबाचा उंच आणि रखुमाईचा ठेंगणा, त्यामुळे रखुमाई दिसत असताना तिच्या डोक्यावर विठोबाच्या मुकुटाची फिकट सावली उभी राहते. याला छपाईवाले घोस्टिंग म्हणतात. थोडं घोस्टिंग सगळ्यांत असतंच, गडद आकृतीमागे उजळ रंग आला की जास्त, आणि छपाई भिंगाच्या रेषेला केसभर जरी सरकली तरी जास्त. माझ्या फ्रेमला तेवढं चालतं. शेजारी गणपती-लक्ष्मीची होती ती बघा, गणपतीची सोंड लक्ष्मीच्या पदरावर तशीच आणि दोघांचे मिळून हात किती ते मोजवत नव्हते. ती कुणी घेऊ नका. तीन देव एकात असलेली पण होती, साईबाबा-दत्त-स्वामी, तीन चित्रं म्हणजे एका भिंगाखाली तीन पट्ट्या, प्रत्येकाला जागा कमी, आणि कुठल्याच कोनातून एकही देव धड एकटा दिसेना, तीन वेगवेगळी मुंडकी एकमेकांत, नमस्कार कुणाला करायचा.

थ्रीडीचं आता. खोक्यावर सगळीकडे थ्रीडी लिहितात, पण थ्रीडी आणि हलता फोटो या वेगळ्या गोष्टी आहेत आणि घोळ इथेच होतो. थ्रीडीमध्ये डाव्या डोळ्याला एक चित्र आणि उजव्याला थोडं वेगळं चित्र दिसायला हवं, म्हणजे रेषा उभ्या हव्यात. हलत्या फोटोत दोन्ही डोळ्यांना एका वेळी एकच चित्र हवं, म्हणजे रेषा आडव्या. उभ्या रेषांवर जर दोन वेगवेगळ्या देवांचा फोटो छापला तर एका डोळ्याला विठोबा आणि दुसऱ्याला रखुमाई असं होऊ शकतं आणि मेंदू दोघांना एकत्र आणायच्या नादात थकतो. मी वर डोकं दुखतं म्हटलं ते हेच. दुकानात अशी एक होती, बघता बघता कपाळ जड झालं. मोठ्या दुकानांत, मल्टिप्लेक्समध्ये माणूस चालत चालत पुढे जातो आणि पोस्टर बदलतं, तिथे उभ्या रेषाच लागतात कारण माणूस बाजूनं जातो, पण ते लांबून बघायचं असतं, एवढ्या जवळून नाही. तर घ्यायच्या आधी फ्रेम उजेडात धरा, रेषा आडव्या असल्या तर दोन देवांची घ्या, उभ्या असल्या तर एकाच देवाची खोलीवाली, म्हणजे गाभारा आत गेल्यासारखा दिसतो ती. एकाच्या आत एक कमानी, समया, पुढे मूर्ती असं चित्र थ्रीडीत भारी दिसतं. नुसता चेहऱ्याचा क्लोजअप असेल तर थ्रीडीचे जादा पैसे कशाला द्यायचे.

रेषा किती बारीक आहेत तेही बघा. हातात धरून बघायच्या फोटोला साधारण इंचाला ७५ रेषा ठीक, म्हणजे सेंटीमीटरला तीसच्या आसपास. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं एकदम जवळून फोटो काढून झूम करा, शेजारी फूटपट्टी ठेवा, मोजता येतं. माझीत साधारण तेवढ्याच भरल्या. इंचाला २० वगैरे असतील तर ती लांबून बघायच्या पोस्टरची शीट आहे, चांगली जाड असते, जवळून नुसत्या रेघा दिसतात. स्वस्तातल्या काही फ्रेममध्ये कागदावर चित्र छापून वर पट्टी चिकटवलेली असते, थेट प्लास्टिकवर छपाई नाही. ती ओळखायची सोपी खूण, कोपऱ्यात बुडबुडे, आणि एका बाजूला विठोबा पूर्ण आलेला असताना दुसऱ्या बाजूला रखुमाई अर्धी सुरू झालेली. माझ्या फ्रेमला खालच्या डाव्या कोपऱ्यात तांदळाएवढा एक बुडबुडा आहे, विटेच्या जवळ, तो दाखवला म्हणून दोनशेची दीडशेला झाली.

नावडलेलं एक सांगते आणि ते जोरात सांगते: वर काच लावू नका रे बाबांनो. काही दुकानदार जरा भारी दिसावी म्हणून चौकटीत काच घालून देतात, आणि त्या काचेत ट्यूबलाइट, खिडकी आणि आपलाच चेहरा दिसतो, विठोबा राहिला बाजूला. भिंग उघडंच हवं. दुसरं ते एलईडीची माळ लावलेलं मॉडेल, लाल-हिरवं-निळं लुकलुकतं, मागे बॅटरीचा डबा. रंगीत उजेड बदलला की घोस्टिंग उठून दिसतं, म्हणजे पैसे देऊन दोष विकत घेणं आहे. आणि फ्रेम उन्हात किंवा समईच्या वर टांगू नका, प्लास्टिक तापलं की फुगतं, पट्टी लाटेसारखी होते आणि भिंगं चित्रावरून सरकतात, मग घोस्टिंग कायमचं.

लावायची कुठे? आडव्या रेषांची असेल तर डोळ्यांच्या थोडी वर, जिथे माणूस समोरून चालत येतो अशा भिंतीवर. लांबून येताना एक देव दिसतो, जवळ येता येता कोन बदलतो आणि दुसरा येतो. आमच्याकडे दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर आहे, उंबऱ्यातून विठोबा आणि सोफ्यापाशी पोचलं की रखुमाई. बसून बघितलं की काय दिसेल हे आधी कुणाकडून तरी भिंतीवर धरून घेऊन तपासा, नाहीतर आजी खुर्चीत बसली की तिला कायम एकच देव, आणि मग "माझा इट्टल कुटं गेला" असं दिवसभर ऐकावं लागतं. आम्ही खिळा वीतभर खाली घेतला.

मार्क द्यायचे तर विठ्ठल-रखुमाईला पाचात चार, एक मुकुटाच्या सावलीपायी कापला. एकाच देवाची उभ्या रेषांची खोलीवाली साडेतीन. तीन देवांची एक, तेही देवाकडे बघून. वारीच्या गर्दीत घेऊ नका, रेषा बघायला उजेड मिळत नाही आणि भावही चढलेला असतो, साध्या दिवशी सकाळी जा, दुकानदाराला वेळ असतो, चार फ्रेम बाहेर रस्त्यावर उन्हात आणून कलवून बघू देतात, फक्त नख लावू नका.